कमावलेले शरीर आणि फुगवलेले शरीर

मराठीत शरीर 'कमावतात'. पैसा कमवावा, नाव कमवावे, तसे शरीरही कमवावे. आपल्या आजोबा-पणजोबांनी हा शब्द वापरला तेव्हा त्यात वेळ गृहीत धरलेला होता. पहाटे उठून तालमीची माती उकरायची, डंड-बैठका काढायच्या, वस्तादांच्या शिव्या खायच्या आणि दोन-चार वर्षांनी गावच्या यात्रेत कुस्त्यांच्या हगाम्यात उतरायचे, असा तो हिशेब होता. आता तालमी ओस पडत चालल्या आहेत आणि नगर शहरापासून जामखेड-पाथर्डीपर्यंत जिम उघडल्या आहेत. यात वाईट काही नाही. चौकात उभे राहून मावा चोळण्यापेक्षा पोरगा लोखंड उचलतो आहे, याचा कोणत्याही डॉक्टरला आनंदच व्हावा. मात्र तालीम गेली तशी तिच्याबरोबर वेळेची समजही गेली, हे मला खटकते.

दवाखान्यात येणारी अठरा-वीस वर्षांची मुले हल्ली तीन प्रश्न विचारतात. पावडर कोणती घेऊ? किती दिवसांत बॉडी दिसेल? आणि तिसरा प्रश्न आवाज खाली करून, दाराकडे बघत: इंजेक्शन घेतले तर चालेल का? व्यायाम कोणता करू, जेवणात काय असावे, झोप किती हवी, हे फारसे कुणी विचारत नाही. खरे तर तेवढेच विचारण्यासारखे आहे. आजचा लेख त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी आहे. स्पर्धेच्या रंगमंचावर उतरून त्यावरच पोट भरणारा एखादाच असतो. बाकी सगळे हौशी. हौशी माणसाने हौशी माणसासारखाच व्यायाम करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हौशी शरीरसाधकाचे एक मोठे उदाहरण सातारा जिल्ह्यात होऊन गेले. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (जन्म १८६८) हे चित्रकार आणि कीर्तनकार म्हणून ठाऊक असतात, पण ते पक्के व्यायामवेडेही होते. त्या काळी युरोपात युजेन सँडो नावाच्या शरीरसौष्ठवपटूचे मोठे नाव होते. पिळदार शरीर लोकांसमोर दाखवण्याच्या आजच्या प्रथेचा तो जनकच म्हणायचा. बाळासाहेबांनी १८९७ च्या सुमारास सँडोची पुस्तके आणि साधने विकत घेतली आणि तब्बल दहा वर्षे त्याने सांगितल्याप्रमाणे नेमाने व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि १९५१ साली निधन होईपर्यंत त्याचाच पुरस्कार करत राहिले. संस्थानातील शाळांमध्ये त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तके लिहिली. १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले.

यात सँडो चांगला की सूर्यनमस्कार चांगला, हा वाद मला घालायचा नाही. दोन्हींनी शरीर सुधारते. मला त्यातले दहा वर्षे महत्त्वाचे वाटतात. राजा माणूस, हाताशी पैसा आणि नोकरचाकर, तरी साधने आणून दहा वर्षे नेम मोडला नाही. आणि ती पद्धत सोडली तेव्हा व्यायाम सोडला नाही, फक्त प्रकार बदलला. आज जिममध्ये जानेवारीत वर्षाची फी भरून मार्चमध्ये गायब होणाऱ्यांची नावे कोणत्याही जिमवाल्याच्या वहीत पाहून घ्या.

सँडोचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा त्याने १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे आर्थर कॉनन डॉइल होते. गुण कशाला द्यायचे, तर नुसत्या स्नायूंच्या आकाराला नाही. सर्व अवयवांची सारखी वाढ, स्नायूंचा कस, एकंदर आरोग्य आणि कातडीची स्थितीसुद्धा बघितली जायची. म्हणजे या खेळाची सुरुवात झाली तेव्हा निरोगी असणे ही स्पर्धेचीच अट होती. आज मंचावर उभा असलेला स्पर्धक त्या क्षणी आपल्या वर्षातल्या सर्वांत अशक्त अवस्थेत असतो. कातडीखालची शीर न् शीर दिसावी म्हणून त्याने आठवडेच्या आठवडे उपासमार केलेली असते, शेवटचे दोन-तीन दिवस पाणी आणि मीठ तोडलेले असते. त्या अवस्थेत काढलेला फोटो आमची पोरे मोबाईलवर बघतात आणि तसे बारा महिने दिसायचे ठरवतात. तो स्पर्धक स्वतःसुद्धा आठवड्यानंतर तसा दिसत नाही!

आता पोरे जिमला जातात कशासाठी, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. काही जण लग्नाच्या वयात आलेले असतात, काहींना सिनेमातल्या नटासारखे दिसायचे असते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. आरशाने माणसाला व्यायामाला लावले तर आरशाचे उपकारच. पण आपल्या जिल्ह्यात मोठा वर्ग भरतीवाल्यांचा आहे. नगर म्हणजे रणगाड्यांच्या प्रशिक्षणाचे गाव, लष्कराची ओढ इथे जुनी आहे आणि पोलीस भरतीची तयारी तर गावोगाव चालते. या मुलांनी थोडा हिशेब करावा. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांसाठी १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण. छाती न फुगवता ७९ सें.मी. आणि फुगवल्यावर किमान ५ सें.मी. जास्त भरावी लागते. दंडाच्या घेराला या चाचणीत एकही गुण नाही. पाच सेंटिमीटरचा फुगवटा श्वासाच्या कसरतीने येतो, बेंच प्रेसने नव्हे. तरी भरतीची तयारी म्हणून सहा महिने दंड आणि छाती एवढेच करणारी आणि पळायला कंटाळणारी मुले मी पाहतो. पाय काडीसारखे, वरचा भाग बैलासारखा. अशाने १६०० मीटरच्या तिसऱ्या फेरीतच घोडे बसते.

उंची कमी म्हणून खंतावणाऱ्यांसाठी एक नाव सांगतो. बंगालचे मनोहर आइच यांची उंची होती चार फूट अकरा इंच. ब्रिटिश काळात हवाई दलात असताना गोऱ्या अधिकाऱ्याच्या थोबाडीत मारल्याबद्दल ते तुरुंगात गेले आणि तिथे त्यांनी कोणत्याही यंत्राशिवाय तासन् तास व्यायाम केला. १९५२ साली त्यांनी लंडनला 'मिस्टर युनिव्हर्स' स्पर्धेतील आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले. आदल्या वर्षी त्यांच्याच प्रांताचे मनतोष राय जिंकले होते. आइच २०१६ साली वारले, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडलेली होती. आपल्या महाराष्ट्राकडे यायचे तर कोल्हापूरच्या सुहास खामकरांनी २०१० साली 'मिस्टर एशिया' किताब मिळवला. ज्याच्या अंगात तो पराक्रम आहे त्याने जरूर त्या वाटेला जावे, पण तिथे पोहोचायला वर्षे लागतात, हे आधी मनाशी ठरवून.

व्यायामाबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण त्याचे शास्त्र साधे आहे. प्राचीन ग्रीकांत मिलो नावाच्या पैलवानाची कथा सांगतात. तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासरू वाढत गेले, तसा मिलोही वाढत गेला आणि शेवटी तो पूर्ण वाढलेला बैल उचलू लागला. कथा खरी असो वा नसो, सूत्र बरोबर आहे: भार हळूहळू वाढला पाहिजे. नवशिक्याने आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, सगळ्या शरीराचा व्यायाम करावा. खांद्यावर वजन घेऊन बैठक, जमिनीवरून वजन उचलणे, बाकावर झोपून वजन ढकलणे, डोक्यावर वजन नेणे आणि सिंगल बारला लटकून अंग वर ओढणे, एवढे पाच प्रकार पुरे. प्रत्येकाचे तीन सेट, एका सेटमध्ये आठ ते बारा वेळा. बारा वेळा तिन्ही सेट स्वच्छ निघू लागले की अडीच किलो वाढवायचे. चार आण्याच्या वहीत तारीख घालून लिहून ठेवायचे (चार आण्याची वही आता मिळत नाही, पण मुद्दा ध्यानात आला असेल). जिमची फी परवडत नसेल तर जोर, बैठका, सिंगल बार, डबल बार आणि सूर्यनमस्कार यांवर पहिले वर्ष मजेत निघते.

पहिल्या महिना-दीड महिन्यात ताकद झपाट्याने वाढते, पण आरशात काही दिसत नाही. इथेच पोरांचा धीर सुटतो. या काळात स्नायू फारसे वाढत नाहीत. मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूंकडून जास्त काम करून घ्यायला शिकत असतात. डोळ्यांना दिसेल असा फरक पडायला दोन-तीन महिने जातात. सर्व काही जमून आले तर पहिल्या वर्षी महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू चढतो, आणि पुढे हा वेग कमी होत जातो. म्हणून कोणी 'तीन महिन्यांत दहा किलो' असा बोर्ड लावला असेल तर त्या दहा किलोत पाणी आणि चरबी किती, हे विचारावे.

स्नायू व्यायामशाळेत वाढत नाहीत. तिथे ते किंचित फाटतात, दमतात. वाढतात ते नंतर, विश्रांतीत आणि झोपेत. एमआयडीसीत रात्रपाळी करून पहाटे जिमला जाणारी मुले आणि रात्री दोनपर्यंत मोबाईल बघून सकाळी सहाला वजने उचलणारी मुले, दोघांचीही निम्मी मेहनत वाया जाते. पहिल्यांचा नाइलाज असतो. त्यांनी पाळीनंतर आधी झोपावे, मग संध्याकाळी व्यायाम करावा. दुसऱ्यांना काय सांगावे!

आता ताटाकडे वळू, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते.

स्नायू प्रथिनांचा बनतो, हे सर्वांना पाठ आहे. प्रश्न किती प्रथिने, हा आहे. साध्या निरोगी माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. वजने उचलणाऱ्याला त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत उपयोग होतो. त्याच्या पुढे कितीही ओतले तरी स्नायूंत फारशी भर पडत नाही. जास्तीचे शरीर जाळून टाकते किंवा चरबी म्हणून साठवते. म्हणजे साठ किलोच्या मुलाला रोज साधारण ९५ ग्रॅम प्रथिने पुरतात.

हे ९५ ग्रॅम आपल्या नगरी स्वयंपाकघरात आहेत का? मोजून पाहू. ज्वारी किंवा बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात १० ते ११ ग्रॅम प्रथिने असतात. साठ ग्रॅम पिठाची मध्यम भाकरी धरली तर दिवसाच्या पाच भाकऱ्यांत ३० ग्रॅम झाले. तुरीची किंवा मुगाची डाळ ५० ग्रॅम (कच्ची मोजलेली) म्हणजे ११. मटकी, हरभरा किंवा हुलग्याची उसळ, तीही ५० ग्रॅम कडधान्याची, म्हणजे १० ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, ४० ग्रॅम, आणखी १०. अर्धा लिटर गाईचे दूध १६. तीन अंडी १८. बेरीज करा: ९५! यात कोठेही डबा आला नाही. अंडी चालत नसतील तर ३५ ग्रॅम सोयाबीन वडीत तेवढीच १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. मटण-मासे ज्यांच्याकडे होतात त्यांचे काम आणखी सोपे. भाकरी आणि डाळ एकत्र खाण्याचा फायदाही आहे. धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी ते धान्यात मिळते. आपल्या बायाबापड्यांनी रसायनशास्त्र न शिकता ही जोडी जमवून ठेवली आहे.

घरात वस्तू असूनही ताटात मात्र हे दिसत नाही, हेही खरे. कित्येक घरांत आमटी म्हणजे पिवळे पाणी असते, डाळ तळाशी शोधावी लागते. आणि दुधाची गंमत तर विचारूच नका. आपला जिल्हा दुधाचा. संगमनेर, राहाता, राहुरी, कोपरगाव भागात पहाटे दारोदारी कॅन भरतात. गोठ्यातले दूध लिटरमागे तीस-पस्तीस रुपयांनी डेअरीला जाते, आणि त्याच घरातला मुलगा दोन-अडीच हजारांचा प्रथिनांचा डबा विकत आणतो. त्या डब्यात असते काय? दुधातून चीज किंवा पनीर काढल्यावर खाली जे निवळ पाणी उरते, ते सुकवून केलेली पावडर. एका मोठ्या चमच्यात साधारण २४ ग्रॅम प्रथिने. किलोच्या डब्यात असे तेहतीस चमचे बसतात, म्हणजे चमचा पडला पंचाहत्तर रुपयांना. तेवढीच प्रथिने पाऊण लिटर दुधात पंचवीस रुपयांत मिळतात. शेतकऱ्याच्या पोराने दूध विकून दुधाचे पाणी तिप्पट भावाने विकत घ्यावे, हा व्यवहार कोणत्या शाळेत शिकवला?

पावडर विष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. मूत्रपिंडे चांगली असलेल्या माणसाला ती बाधत नाही. जो दिवसभर बाहेर असतो, ज्याला दूध पचत नाही, त्याला ती सोयीची पडते. पण ती सोय आहे, औषध नाही. शिवाय बाजारात बनावट डब्यांचा सुळसुळाट आहे आणि आतल्या पावडरीत काय मिसळले आहे, ते चव घेऊन कळत नाही. क्रिएटिन नावाची आणखी एक पावडर असते. तिचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्याने ताकदीत थोडी वाढ होते आणि निरोगी माणसात ती सुरक्षित ठरलेली आहे. पहिल्या वर्षात तिचीही गरज नाही. मूत्रपिंडाचा विकार, रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी यातले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

पैलवानी खुराकाबद्दलही थोडे. २०२५ च्या सुरुवातीला अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला, तेव्हा पैलवानांची शरीरे लोकांनी जवळून पाहिली. त्यानंतर बदाम, खसखस घातलेली थंडाई आणि वाटीभर तूप सुरू केलेले काही गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत. पैलवान सकाळ-संध्याकाळ मिळून चार-पाच तास अंग मोडतो, म्हणून त्याला ते पचते. दुकानाच्या गल्ल्यावर बसून घेतलेली थंडाई पोटाच्या घेरात जमा होते. आणि मावा! नगरचा मावा गालात धरून डबल बारवर चढणारे वीर आपल्याकडे कमी नाहीत. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, नाडी वाढते, जेवणावरची वासना मरते, तोंडाच्या कर्करोगाचे तर सांगायलाच नको. ज्याला खरोखर शरीर कमवायचे आहे त्याने पावडरीच्या आधी माव्याचा निकाल लावावा. महिन्याचे माव्याचे पैसे जमा केले तर अंडी त्यात येतात.

मुलींविषयी एक गैरसमज अजून जात नाही. वजने उचलली तर मुलगी पुरुषासारखी दिसेल, असे आई-आत्या बजावतात. पुरुषी स्नायू पुरुषी संप्रेरकाने वाढतात आणि ते स्त्रीच्या शरीरात पुरुषाच्या तुलनेत फारच थोडे असते. मुलींनी निर्धास्त वजने उचलावीत. हाडे मजबूत होतात. त्यांनी लक्ष द्यायचे ते रक्ताकडे. हिमोग्लोबिन नऊ असेल तर कोणताही व्यायाम जीव घेणाच वाटणार.

आता तो तिसरा, आवाज खाली करून विचारलेला प्रश्न.

जिममध्ये दोन प्रकारची इंजेक्शने फिरतात. पहिला प्रकार स्टेरॉइडचा: टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल, आणि गोळ्यांत डायनाबॉल. यांनी स्नायू वाढतात, यात खोटे नाही. वाढत नसते तर कुणी घेतलेच नसते. पण बाहेरून पुरुषी संप्रेरक येऊ लागले की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी 'आता गरज नाही' असे समजून वृषणांना काम थांबवायला सांगते. वृषणे आक्रसतात, वीर्यातील शुक्रजंतू घटतात, कधीकधी शून्यावर येतात. पोरगा लग्नासाठी बॉडी करतो आणि लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणीला येतो. स्तन वाढतात, पाठभर मुरमे उठतात, चांगले कोलेस्टेरॉल घसरते, हृदयाची भिंत जाड होते, गोळ्यांनी यकृत बिघडते. सोळा-सतराव्या वर्षी घेतले तर हाडांची वाढीची टोके वेळेआधी बंद होऊन उंची कायमची थांबते. (नुसत्या वजने उचलण्याने उंची खुंटते, ही समजूत मात्र चुकीची आहे.)

दुसरा प्रकार अलीकडचा आणि मला जास्त भयानक वाटतो. मेफेंटरमिन नावाचे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिल्यावर रक्तदाब फार खाली गेला तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात. याने स्नायू वाढतच नाहीत. थोडा वेळ तरतरी येते, थकवा जाणवत नाही, एवढेच. त्यासाठी मुले ते स्वतःच्या शिरेत टोचून घेतात. रक्तदाब एकदम चढतो, छातीत धडधड होते, पुढे सवय लागते, संशय, भास आणि वेडसरपणापर्यंत मजल जाते. पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी अशा इंजेक्शनांचे साठे पोलिसांनी पकडले आहेत. एकच सुई चौघांत फिरली तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच. माझे मत विचाराल तर, ज्या जिममध्ये ट्रेनर स्वतः औषध विकतो त्या जिमची फी बुडाली तरी चालेल, पण तिथून बाहेर पडावे.

जगात नाव मिळवलेल्यांचीही यातून सुटका झालेली नाही. मोहम्मद बेनाझिझा हा नामवंत व्यावसायिक स्पर्धक १९९२ साली हॉलंडमधील स्पर्धा जिंकून काही तासांतच वारला. शरीरातील पाणी पूर्णपणे काढून टाकण्याच्या नादात हृदय बंद पडले. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर १९९६ साली वयाच्या एकतिसाव्या वर्षी एकामागून एक अवयव निकामी होऊन गेला. त्यांच्यामागे निदान जागतिक किताब आणि पैसा तरी होता. आपली मुले तालुका श्री स्पर्धेतल्या ढालीसाठी हे करू लागली आहेत.

औषध न घेताही एक धोका संभवतो आणि तो पहिल्याच आठवड्यात येतो. पैज लावून किंवा कुणी डिवचले म्हणून नव्या मुलाने पहिल्या दिवशी पाचशे बैठका मारल्या, तेही मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये, पाणी न पिता, तर मांडीचे स्नायू अक्षरशः फुटतात आणि त्यांतला रंगीत पदार्थ रक्तातून मूत्रपिंडांत जाऊन अडकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या सुजतात आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. असे झाले तर अंग दुखते म्हणून वेदनाशामक गोळी खाऊन झोपू नये, त्याने मूत्रपिंडांवर आणखी भार पडतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळेवर सलाइन मिळाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. उशीर झाला तर डायलिसिसपर्यंत वेळ येते.

आणि ज्यांनी इंजेक्शने आधीच घेतली आहेत त्यांना: घाबरून लपवू नका आणि मित्राच्या सांगण्यावरून त्यावर उतारा म्हणून दुसरे औषधही सुरू करू नका. ज्या बाटल्या वापरल्या त्यांची नावे किंवा वेष्टने घेऊन एमडी डॉक्टरांकडे जा. रक्तदाब, यकृत, चरबी, संप्रेरके आणि लग्न झालेले असेल तर वीर्यतपासणी एवढे करून घ्या. छातीत धडधड असेल तर हृदयाची सोनोग्राफीही. बंद केल्यावर काही महिने उदास वाटते, ताकद उतरते, कामेच्छा कमी होते. त्या काळात पुन्हा सुई घेण्याचा मोह सर्वांत जास्त असतो, म्हणून घरातल्या एका तरी माणसाला, निदान मोठ्या भावाला, खरे सांगून ठेवा. शुक्रजंतू पूर्ववत व्हायला बहुधा सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. एका तपासणीत कमी आले म्हणून खचू नका, तीन महिन्यांनी पुन्हा करा.